तक्रार निकाली काढण्यात आली आहे

मोबाइलवर संदेश येतो, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खड्डा मात्र जागच्या जागी. वाचणाऱ्याला वाटतं, धडधडीत खोटं बोलतायत. बहुतेक वेळा तसं नसतं. आपण ‘निकाली’ म्हणजे खड्डा बुजला असं वाचतो. संगणकाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की ही नोंद आता या टेबलावर नाही. रस्ता दुसऱ्या खात्याचा निघाला, निकाली. कंत्राटदाराला काम सोपवलं, निकाली. जागा सापडली नाही, निकाली. त्याच खड्ड्याची तक्रार आधीच कुणी केली होती, तरी निकाली. आणि खरोखरच खडी-डांबर पडलं, तर तेही निकालीच.

वेगवेगळ्या शहरांच्या तक्रार यंत्रणा एका पद्धतीनं चालाव्यात म्हणून ‘ओपन३११’ नावाचं एक खुलं मानक आहे. त्यात तक्रारीची स्थिती सांगायला दोनच शब्द आहेत : उघडी आणि बंद. बंद का झाली, हे लिहायला शेजारी एक वेगळा रकाना ठेवलेला आहे, पण तो कोरा ठेवला तरी चालतं. सगळी मेख त्या कोऱ्या रकान्यात आहे.

सरकारनं लोकांशी जोडून घ्यावं म्हणून जे काही उभं केलं जातं, म्हणजे ॲप, फेसबुकचं पान, व्हॉट्सॲप क्रमांक, सूचना मागवणारं पोर्टल, त्यातला बहुतेक पैसा आणि उत्साह विचारण्याच्या बाजूला खर्ची पडतो. तंत्रज्ञानानं विचारणं जवळपास फुकट करून टाकलं. उत्तर देणं मात्र होतं तेवढंच महाग राहिलं. त्याला माणूस लागतो, अधिकार लागतो, कधी डांबर लागतं. अमेरिकेच्या व्हाइट हाउसनं सप्टेंबर २०११मध्ये ऑनलाइन अर्जांची सोय सुरू केली तेव्हा ५,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देणार, असं ठरलं होतं. महिन्याभरात तो आकडा २५,०००वर गेला आणि जानेवारी २०१३मध्ये १,००,०००वर. सह्या वाढत गेल्या, उत्तरं लिहिणारे हात तेवढेच होते. म्हणून अशी कुठलीही सोय उत्तराच्या टोकाकडून बांधत यावी : रोज किती उत्तरं आपण धडपणे देऊ शकतो ते आधी मोजायचं, आणि मग तेवढंच दार उघडायचं.

त्या खड्ड्याच्याच मागे जरा चालत जाऊ या.

माणूस फोटो काढतो आणि पाठवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला, तर फोनच्या कॅमेऱ्यानं त्यात दडवून ठेवलेली जागेची माहिती वाटेतच गळून पडते. समोरच्या कर्मचाऱ्याला दिसतो तो जगातल्या कुठल्याही रस्त्यावरचा एक खड्डा. त्यामुळे व्हॉट्सॲपवर तक्रारी घ्यायच्या असतील, तर पहिलं स्वयंचलित उत्तर ‘धन्यवाद’ नसावं, ‘आता याच ठिकाणाचं लोकेशन पाठवा’ असं असावं. लोकेशन आलं तरी मोकळ्या आकाशाखाली ते पाचेक मीटर इकडेतिकडे असतं, उंच इमारतींच्या मधे त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या फरकात खड्डा रस्त्याच्या या कडेचा त्या कडेला जातो आणि कधीकधी हद्दही बदलते. नकाशावरची खूण हातानं सरकवायची सोय आणि ‘जवळची ओळखीची खूण’ लिहायला एक ओळ, एवढ्यावर बरंचसं काम भागतं.

मग येतो तक्रारीचा प्रकार. खात्यांच्या रचनेप्रमाणे केलेली साठ-सत्तर नावांची यादी समोर आली, की माणूस ती खालपर्यंत सरकवतो आणि ‘इतर’ निवडतो. ‘इतर’चा ढीग रोज सकाळी कुणीतरी हातानं उपसत बसतं. यादी लोकांच्या डोळ्यांनी करावी : खड्डा, गळती, बंद दिवा, कचरा, पडलेलं झाड. दहा-बारा नावं पुरतात. तो दिवा कुठल्या खात्याचा, हे नागरिकाला ठाऊक असण्याचं काहीच कारण नाही. हद्दी नकाशात आधीच भरून ठेवल्या, तर वाटणी संगणक करतो. ब्रिटनमध्ये ‘मायसोसायटी’ या संस्थेनं २००७मध्ये सुरू केलेलं ‘फिक्समायस्ट्रीट’ हेच करतं. तुम्ही नकाशावर बोट ठेवायचं, ती जागा कोणत्या कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, ते संकेतस्थळ शोधतं. नवी तक्रार लिहिण्याआधी आसपासच्या जुन्या तक्रारी दिसतात, त्यामुळे एकाच खड्ड्याच्या चाळीस नोंदी होणं टळतं. तक्रार सगळ्यांना दिसते. आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच ईमेल जातो, की झालं का काम? बंद म्हणायचा अधिकार फक्त खात्याकडे ठेवलेला नाही. मला विचाराल, तर या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तो चार आठवड्यांनंतरचा ईमेल आहे. तिला तंत्रज्ञान म्हणावं की साधी सभ्यता, हा प्रश्नच आहे.

तक्रार करायचीच गरज पडू नये, असाही एक प्रयोग बोस्टनमध्ये झाला. ‘स्ट्रीट बंप’ नावाचं ॲप गाडीतल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे टिपत असे. कल्पना झकास होती, पण ज्यांच्याकडे गाडी आणि स्मार्टफोन दोन्ही आहेत त्यांच्याच वाटेवरचे खड्डे त्यात दिसणार. वस्ती जितकी गरीब आणि म्हातारी, तितकी ती त्या नकाशावर गुळगुळीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी हा धोका वेळीच ओळखला होता. तक्रारींच्या कुठल्याही नकाशाला हे लागू आहे. जिथून एकही तक्रार येत नाही तो भाग सुखी आहे, की तिथल्या लोकांनी नाद सोडलाय, हे पडद्यावर कळत नाही. त्यासाठी पायी जावं लागतं. फोन उचलणारा माणूस आणि कार्यालयातली खिडकी चालू ठेवावी लागते, आणि तिथं आलेली तक्रारही त्याच यादीत, तशाच क्रमांकानं नोंदवावी लागते.

आता मोजणीकडे येतो, कारण यंत्रणा बिघडते ती बहुधा इथं. ‘तक्रार सोडवायला लागणारा सरासरी वेळ’ हा सगळ्यांचा लाडका आकडा. दहा तक्रारींपैकी नऊ दोन-दोन दिवसांत सुटल्या आणि एक १८२ दिवस रखडली, तर सरासरी वीस दिवसांची येते. हा आकडा दहांपैकी एकाच्याही वाट्याला आलेला नसतो. सगळ्या तक्रारी दिवसांच्या क्रमानं लावून मधली उचलली, तर दोन दिवस हे खरं उत्तर मिळतं, आणि रखडलेली वेगळी काढून दाखवता येते. याहून बेरकी चूक आणखी एक आहे. सरासरी काढतात ती फक्त बंद झालेल्या तक्रारींची. अवघड तक्रारी उघड्याच पडून असतात, म्हणून त्या हिशेबात येतच नाहीत. भिजत घोंगडी जितकी जास्त, तितका आकडा देखणा. म्हणून उघड्या तक्रारींचं वय दर आठवड्याला वेगळं छापावं : किती महिन्याहून जुन्या, किती सहा महिन्यांहून जुन्या. आणि नागरिकानं ‘काम झालेलं नाही’ म्हणून परत उघडलेल्या किती, हेही. हा शेवटचा आकडा ज्या खात्याच्या प्रमुखाच्या टेबलावर जातो, तिथं बंद करण्याची घाई कमी होते. नुसत्या बंद केलेल्या तक्रारी मोजल्या, तर कर्मचारी तक्रारी बंद करणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

समाजमाध्यमांची गोष्ट जरा निराळी आहे. तिथं सरकारी खात्यांची सवय फलक लावायची. सही-शिक्क्याच्या पत्राचा स्कॅन टाकला की कळवलं, अशी समजूत असते. तो स्कॅन लहान पडद्यावर वाचता येत नाही, शोधात सापडत नाही, आणि अंध व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाकावा, चित्र टाकलंच तर त्याचं वर्णन सोबत लिहावं. यात कौशल्य असं काही नाही. खरा अडथळा बहुधा असा, की सही झालेला कागद एका टेबलावर असतो आणि मूळ फाइल दुसऱ्या.

संकटाच्या वेळी तर मजकुराची बांधणीच कामाला येते. पुराचा किंवा वादळाचा इशारा असेल, तर तारीख आणि वेळ मजकुरातच लिहावी. फेसबुक किंवा एक्स (पूर्वीचं ट्विटर) आपल्या हिशेबानं जुनी पोस्ट वर आणतं, आणि लोक तिचा स्क्रीनशॉट पुढं पाठवतात तेव्हा तारीख कापली जाते. कालचं ‘घराबाहेर पडू नका’ आज पुन्हा फिरू लागतं. म्हणून क्रम असा ठेवावा : केव्हा, कुठे, काय करायचं, कुठवर लागू, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. शेवटचा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो, आणि घबराट सगळ्यात जास्त त्यानंच कमी होते. नवीन काही नसलं तरी ठरल्या वेळी ‘परिस्थिती आहे तशीच आहे’ एवढं लिहावं. सरकार गप्प बसलं की ती जागा अफवा भरून काढते.

एसएमएस पाठवायचा, तर देवनागरीचा हिशेब वेगळा असतो हे खरेदी विभागाला आधी सांगून ठेवावं. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० खुणा मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांची वेगळी मोजणी होते. त्याहून लांब मजकुराचे तुकडे पडतात आणि जोडणीच्या खर्चामुळे प्रत्येक तुकड्यात ६७च खुणा उरतात. इंग्रजी मजकूर एका संदेशात बसवून त्याचं भाषांतर केलं, तर मराठीचे सहज तीन तुकडे होतात, बिलही तिप्पट येतं, आणि गर्दीच्या वेळी दुसरा तुकडा अडकला तर पहिलाही अर्धवट राहतो. ‘याद्वारे सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की’ यातच निम्म्याहून जास्त जागा गेलेली असते. लाखो लोकांना एका क्षणी सावध करायचं असेल, तर एसएमएसऐवजी सेल ब्रॉडकास्ट वापरतात. त्यात क्रमांकांची यादी लागत नाही. टॉवरच्या टापूत असलेल्या सगळ्या फोनना संदेश एकदम जातो, आणि जाळं तुंबलेलं असलं तरी पोचतो.

पण पोचणं म्हणजे सगळं नव्हे. १३ जानेवारी २०१८ला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवरच्या फोनांवर संदेश झळकला : क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. तो चुकून गेला होता. चुकीचा आहे हे त्याच मार्गानं लोकांना कळायला ३८ मिनिटं लागली, कारण खोटा इशारा मागे घेण्याचा मजकूर कुणी तयारच करून ठेवला नव्हता. राज्यपालांना दोन मिनिटांत खरं कळलं होतं, तरी ट्विटरवर सांगायला त्यांना आणखी पंधरा मिनिटं लागली. नंतर त्यांनी कबूल केलं, की आपल्या ट्विटर खात्यात कसं शिरायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हसू येतं, पण अशी कितीतरी अधिकृत खाती आजही एकाच माणसाच्या खासगी फोनवर चालतात. तो रजेवर गेला की खातंही रजेवर. खातं कार्यालयाच्या ईमेलवर नोंदवावं, किमान तिघांना हक्क द्यावेत, सांकेतिक शब्द कुठं आहे ते लेखी ठेवावं, बदली झालेल्याचा हक्क त्याच दिवशी काढावा. इशारा, दुरुस्ती आणि ‘धोका टळला’ हे तिन्ही मजकूर आधी लिहून ठेवावेत. आणि कुठल्या दर्जाचा अधिकारी कुणालाही न विचारता ते टाकू शकतो, हेही शांत काळातच ठरवावं. पाणी चढत असताना मंजुरीची फाइल वर जात असेल, तर सगळं मुसळ केरात.

जानेवारी २०११मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला महापूर आला, तेव्हा तिथल्या पोलिसांचं फेसबुक पान लोकांचा पहिला आधार ठरलं. अफवा उठली की ‘मिथबस्टर’ असा शिक्का मारून तिचं खंडन तिथल्या तिथे केलं जाई. यात एक बारकावा आहे. ते पान पुरासाठी उघडलेलं नव्हतं, आदल्या वर्षापासून चालू होतं. चालवणाऱ्यांचा हात बसलेला होता आणि लोकांना त्याचा पत्ता माहीत होता. पुराच्या दिवशी उघडलेलं पान आधी खरं की खोटं, यातच निम्मा दिवस जातो.

त्या खरे-खोटेपणावर फसवणुकीचाही धंदा चालतो. कुणी सार्वजनिक पोस्टखाली तक्रार लिहिली, की मिळत्याजुळत्या नावाचं बनावट खातं पुढं येतं, ‘आपला क्रमांक द्या, मदत करतो’ म्हणतं आणि बँकेचे तपशील काढून घेतं. म्हणून खऱ्या खात्यानं उघड्यावर कधीही फोन नंबर मागू नये. ‘आम्ही असा नंबर मागत नाही’ हे वारंवार सांगावं आणि संकेतस्थळावर आपल्या सगळ्या अधिकृत खात्यांची यादी ठेवावी. मूळ माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर तिची प्रत, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. भाड्याच्या घराचा मालक नियम बदलू शकतो. एप्रिल २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणानं ट्विटरवर गाड्यांच्या ताज्या सूचना देणं काही काळ थांबवलं, कारण त्या माध्यमाच्या भरवशाचीच खात्री उरली नव्हती. त्यांची स्वतःची ॲप आणि संकेतस्थळ होती म्हणून प्रवासी अडले नाहीत.

शिव्या घालणाऱ्यांचं काय करायचं? नियम आधी लिहून लावावेत. धमकी, जातिवाचक शिवी, दुसऱ्याचा पत्ता उघड करणं, एवढं काढू. टीका कितीही कडू असली तरी राहील. काढलेल्याची नोंद ठेवावी. ब्लॉक करणं शक्यतो टाळावं, कारण त्याच पानावर उद्या पुराचा इशारा येणार असतो. अधिकारी आपल्या खासगी खात्यावरून कार्यालयाचं बोलतात, तेव्हा गुंता वाढतो. मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं यासाठी दोन कसोट्या ठरवल्या : त्या व्यक्तीला सरकारच्या वतीनं बोलण्याचा अधिकार होता का, आणि ती पोस्ट लिहिताना तिनं तो वापरला का. एकाच खात्यावर मुलांचे फोटोही आणि पाणीपुरवठ्याच्या सूचनाही टाकल्या, तर दर पोस्टचा असा पंचनामा करत बसावं लागेल.

राहिला सल्ला मागण्याचा प्रकार. इथं सरकारं फार हौसेनं उतरतात आणि फार लवकर हात पोळून घेतात. २०१६मध्ये ब्रिटनच्या एका संशोधन संस्थेनं नव्या जहाजाला नाव सुचवा म्हटलं. ‘बोटी मॅकबोटफेस’ला १,२४,००० मतं पडली आणि जहाजाचं नाव ठेवलं गेलं ‘सर डेव्हिड ॲटनबरो’. लोकांनी सुचवलेलं नाव मग जहाजावरच्या एका छोट्या पाणबुडीला मिळालं. लोक चुकले नव्हते. त्यांना खेळ दिला होता, ते खेळले. चूक होती ती, आपण हे मत मानणार की नाही हे आधी न सांगण्यात. दुसरं टोक २०१७चं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं इंटरनेटच्या नियमांवर मतं मागवली आणि सुमारे सव्वादोन कोटी आली. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या तपासात पुढं निघालं, की त्यातली जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट होती. मतांची रास म्हणजे लोकमत नव्हे. त्याच मजकुराच्या हजार प्रती म्हणजे एक मुद्दा, असं धरून मुद्दे मोजावेत.

माद्रिदनं वेगळी वाट धरली. २०१५पासून ‘देसिदे माद्रिद’ या संकेतस्थळावर कुणीही प्रस्ताव मांडावा आणि १६ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी एक टक्का पाठिंबा मिळाला, की तो मतदानाला जावा. प्रस्ताव हजारोंनी आले आणि फेब्रुवारी २०१७च्या मतदानापर्यंत पोचले फक्त दोन. मिळतेजुळते प्रस्ताव वेगवेगळे पडले, पाठिंबा फुटला, आणि वरची काही पानं सोडली तर खाली फारसं कुणी गेलंच नाही. सारखे प्रस्ताव एकत्र करणारा माणूस नेमणं, हे असल्या संकेतस्थळाचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम आहे.

तैवाननं २०१५मध्ये उबरच्या नियमांसाठी ‘पोलिस’ नावाचं साधन वापरलं. नावात पोलीस खातं नाही. त्यात कुणीतरी एक वाक्य लिहितं, बाकीचे सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच म्हणतात. एकमेकांना उत्तर द्यायचं बटणच नाही. उत्तर देता येत नाही म्हणून भांडण पेटत नाही. नकाशावर मतांचे गट दिसतात, आणि सगळ्या गटांना पटणारी वाक्यं वर येतात. ‘विमा हवाच’ यासारख्या मुद्द्यांवर टॅक्सीवाले आणि उबरवाले एका बाजूला होते, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण साधन कितीही चांगलं असलं, तरी शेवटचं दार दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं. आइसलँडमध्ये २०११ला राज्यघटनेचा मसुदा तयार होताना तो टप्प्याटप्प्यानं ऑनलाइन ठेवला गेला, फेसबुकवरून सूचना आल्या, ऑक्टोबर २०१२च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोकांनी होकार दिला. संसदेनं तो मंजूर केलाच नाही.

म्हणून मत मागण्याआधी तीन गोष्टी त्याच पानावर लिहाव्यात : काय अजून ठरलेलं नाही, काय ठरून गेलंय, आणि अंतिम निर्णय कोण कधी घेणार. नंतर त्याच पानावर, कुठली सूचना घेतली आणि कुठली का नाही घेतली, ते लिहावं. नकाराचं कारण लोक पचवतात. मौन नाही पचवत.

आणि तो मूळ संदेश. त्याच्या जागी असं काही लिहिता येतं, अक्षरं थोडी जास्त लागतात : ‘तुम्ही कळवलेला खड्डा काल पाहिला. त्याखाली पाण्याची वाहिनी फुटली आहे, म्हणून आज फक्त खडी भरली. वाहिनीची दुरुस्ती शुक्रवारी, डांबर त्यानंतरच्या आठवड्यात. तोवर तक्रार उघडीच राहील. खडी निघाली, तर याच संदेशाला फोटो पाठवा.’